वरच्या मजल्यावरचं घर: नागपुरातल्या एका उन्हाळी बिलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात वर्धा रोडच्या बाजूला आमची तीन मजल्यांची जुनी इमारत आहे. मी पहिल्या मजल्यावर राहतो. तीस वर्षं एका कारखान्यात विजेचं काम पाहिलं. निवृत्त झाल्यापासून शेजारीपाजारी वीजबिलं घेऊन माझ्याकडे येतात, डॉक्टरकडे रिपोर्ट न्यावेत तशी.

हे प्रकरण शेवटच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडच्या कोपऱ्यातल्या घराचं आहे. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. नवरा नोकरीला, बायको दुपारी हॉलमध्ये शिकवण्या घेते, मुलगा अकरावीत, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक तपशील बदलले आहेत.

घरात २०१४ साली घेतलेला दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला एसी होता, मोठ्या बेडरूममध्ये. हॉलमध्ये एक डेझर्ट कूलर, आणि बाकी पंखे. विदर्भातल्या मध्यमवर्गीय घरात असतो तोच सरंजाम.

अडचण

२०२४ च्या फेब्रुवारीत या घराला १५० युनिट लागले होते. एप्रिलचं बिल आलं ५४८ युनिटचं. घरातल्या कर्त्या पुरुषाचा पहिला संशय मीटरवर गेला. आपल्याकडे बिल वाढलं की आधी मीटर नादुरुस्त ठरतो, मग सरकार, आणि शेवटी मुलाचा कॉम्प्युटर. त्यांनी पैसे भरून मीटर तपासून घेतला. मीटर ठणठणीत होता. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

तो मेचा शेवटचा आठवडा होता, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झालेला. त्याच दिवसांत शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, आणि सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. त्या घरातल्या काकू, म्हणजे शिकवण्या घेणाऱ्या, म्हणाल्या, "भाऊजी, सेन्सर बिघडला नसेल हो, आमच्या बेडरूममध्ये लावला असेल."

मी आठवडाभर त्यांना फक्त एक वही भरायला लावली. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, असं चार वेळा मीटरचं रीडिंग. दिवसाला २४ युनिट जात होते. हिशेब मांडला तेव्हा एसीला रात्री साडेदहा आणि दुपारी साडेचार युनिट, पंख्यांना चार, कूलरला दोन, फ्रीजला दीड, आणि उरलेलं किरकोळ. मेचं बिल आलं तेव्हा आकडा निघाला ७४२.

इथे दराचं गणित समजून घ्यायला हवं, कारण सगळे निर्णय त्यावरच उभे राहिले. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून पहिले १०० युनिट ५.८८ रुपयांनी, १०१ ते ३०० युनिट ११.४६ ने, ३०१ ते ५०० युनिट १५.७२ ने आणि ५०० च्या वरचे १७.८१ ने होते. वर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. या दराने १५० युनिटचं बिल दीड हजाराच्या आसपास येतं, तर ७४२ युनिटचं १२,१०० च्या. म्हणजे युनिट पाचपट झाले की पैसे आठपट होतात. उलट पाहिलं तर ७४२ मधले शेवटचे २४२ युनिट वाचवले की शुल्कासकट पाच हजार रुपये वाचतात. फेब्रुवारीत दिवे मालवत फिरण्यापेक्षा मेमधल्या या शेवटच्या युनिटांच्या मागे लागलेलं बरं.

आता प्रश्न असा होता की रात्री बाहेर हवा उतरत असताना एसी न थांबता का चालतो? माझ्याकडे दुरून तापमान मोजायची एक छोटी बंदूक आहे, इन्फ्रारेडवाली. संध्याकाळी सहाला त्यांच्या बेडरूमचं छत ४३ अंश दाखवत होतं आणि रात्री अकराला ४०. माझ्या पहिल्या मजल्यावरच्या घरी त्याच वेळी छत ३४. दिवसभर गच्चीने प्यायलेलं ऊन स्लॅब आणि त्यावरचा कोबा पार करून खाली यायला काही तास घेतं. ते पोहोचतं नेमकं माणसं झोपायला जातात तेव्हा. एसी त्या खोलीतली हवा गार करत नव्हता, इमारतीची गच्ची गार करत होता.

दुसरी गोष्ट मात्र मला चौथ्या दिवशी, दुपारी सहज चहाला गेलो तेव्हा दिसली. शिकवणीची मुलं हॉलमध्ये बसलेली, कूलर चालू, खिडक्या "थंडावा बाहेर जाऊ नये" म्हणून घट्ट बंद, आणि बेडरूममधला एसी लावून बेडरूमचं दार हॉलकडे उघडं. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून. ती वाफ हवेतच राहते. एसी तीच वाफ पुन्हा पाणी करून नळीतून बाहेर टाकतो, आणि त्या खटाटोपात लिटरमागे साधारण ०.२ युनिट वीज खातो. मेच्या कोरड्या दुपारी कूलर तासाला आठ लिटर पाणी सहज पितो. एक यंत्र हवा ओली करत होतं, दुसरं ती वाळवत होतं, आणि दोघांचं बिल एकाच नावावर येत होतं.

पर्याय

घरात चार मतं होती.

मुलाचं आणि वडिलांचं मत नव्या पंचतारांकित इन्व्हर्टर एसीचं. खर्च ४५ हजारांच्या घरात. शिवाय आजींच्या खोलीत दुसरा एसी. काकूंचं मत थर्माकोल घालून पीओपीचं छत करायचं, कारण त्यांच्या बहिणीने केलं होतं. नवऱ्याच्या कार्यालयातल्या कोणीतरी सौर पॅनेल सुचवले होते. आजींचं मत वेगळंच होतं: "मले एसी नको, माझे गुडघे धरतात. पहिले वाळ्याच्या ताट्या लावत होतो आम्ही दारंखिडक्यांना, कोणी मेलं नाही."

सौर पॅनेलचा विषय लवकर मिटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, पण गच्ची सोसायटीची, हक्क सगळ्यांचा, आणि आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला दोन सभा लागतात.

पीओपीला मी स्वतः विरोध केला. छताखाली थर्माकोल लावला तर स्लॅब तापायचा तो तापतोच, फक्त उष्णता खाली येण्याचा वेग कमी होतो. पावसाळ्यात गळती सुरू झाली तर ती दिसत नाही. थर्माकोल पेट घेतो. आधीच ठेंगण्या खोलीची उंची आणखी कमी होते ती वेगळीच. खर्च मात्र जवळजवळ एसीइतका.

खरा वाद नव्या एसीचाच होता, आणि हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वळणबिंदू. जुना एसी दिवसाला १५ युनिट खातो, उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर १५०० युनिट. नवा ४० टक्के कमी खाईल असं धरू, म्हणजे ६०० युनिटची बचत. वरच्या दराने, शुल्कासकट, बारा हजारांच्या पुढे. चार वर्षांच्या आत पैसे वसूल. कागदावर हा सौदा उत्तम दिसत होता, आणि मीही दोन दिवस "घेऊन टाका" असंच म्हणत होतो.

मग तेच गणित उलट्या क्रमाने मांडलं. आधी गच्चीचं ऊन अडवलं, दुपारचा एसी बंद केला आणि एसीची गरज दिवसाला सहा युनिटांवर आली, आणि एसीचे दिवसही कमी होऊन नव्वद धरले, तर ५४० युनिट होतात. त्यातले ४० टक्के म्हणजे सव्वादोनशेही नाहीत, आणि ते युनिट आता वरच्या नव्हे तर तिसऱ्या टप्प्यातले. बचत वर्षाला चार हजार. त्याच एसीचे पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं! शिवाय तेवढ्या उष्णतेला दीड टन कशाला, एक टनही पुरेल. म्हणजे आधी यंत्र घेतलं असतं तर मोठं यंत्र घेतलं असतं, आणि नंतर गच्ची केली असती तर ते पोसत बसावं लागलं असतं. म्हणून मी सांगितलं: जुना एसी चालतोय तोवर चालवा, आधी गच्ची.

गच्चीवरची सभा

गच्ची पांढरी करायची, म्हणजे चुना लावायचा. ही काही नवी विद्या नाही. अहमदाबादेत २०१७ पासून झोपडपट्ट्यांच्या पत्र्यांवर आणि छतांवर पालिकेच्या पुढाकाराने चुना लावला जातोय, तेलंगणाने २०२३ मध्ये तर थंड छतांचं धोरणच केलं. परावर्तक रंगाचे डबेही बाजारात मिळतात. ते तीनचार वर्षं टिकतात, पण चुन्याच्या कितीतरी पट महाग. पहिल्या वर्षी प्रयोगच करायचा होता, म्हणून चुना.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सभा झाली. सचिवांना भीती कोब्याच्या हमीची. दोन वर्षांपूर्वीच गच्चीचं काम झालं होतं. ठेकेदाराला फोन लावून सभेतच विचारलं, तो म्हणाला चुन्याने कोब्याला काही होत नाही. खालच्या मजल्यांवरच्यांचा प्रश्न रास्त होता: फायदा वरच्या तीन घरांना, तर वर्गणी आम्ही का द्यावी? ती मागितलीच नव्हती. पण सगळ्यात कडक विरोध आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडून, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या इमारतीच्या कुरड्या, पापड, सांडगे, मिरच्या त्या गच्चीवर वाळतात. चुना पायाला लागणार, पायाचा चादरीला, चादरीचा कुरडईला. शेवटी जिन्याच्या बाजूची, टाकीलगतची एक पट्टी कोरी सोडायचं ठरलं. ती पट्टी खाली जिन्यावरच येते, म्हणून नुकसान काही नव्हतं.

वरच्या तीन घरांपैकी दोघे तयार झाले. तिसऱ्या, पूर्वेकडच्या घरातल्या गृहस्थांनी नकार दिला. चुन्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा मला राग आला होता. पुढे त्यांचा नकारच सगळ्यात उपयोगी पडला.

काय केलं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चुना लागला. चुना आदल्या दिवशी पिंपात विरवला, दुसऱ्या दिवशी गाळून त्यात डिंक मिसळला आणि गच्ची खराट्याने घासून, धुऊन दोन हात दिले. रंगाऱ्याने जाताना बजावलं, "साहेब, पाणी आलं का हे सारं वाहून जाते, मग मले बोलू नका." दोन घरांचा मिळून खर्च ७,६०० रुपये, म्हणजे या घराच्या वाट्याला ३,८००.

कूलर हॉलमधून उचलून पश्चिमेच्या बाल्कनीत स्टँडवर, खिडकीबाहेर बसवला, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. कूलरच्या ताट्या नव्या, दोन वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तुसांच्या) आणि एक आजींच्या हट्टाने वाळ्याची. वाळ्याने गारवा जास्त येतो असं मला मोजून आढळलं नाही, पण वास आला की आजी खूश असतात, आणि तेही घराच्या खर्चात धरायला हरकत नाही. बाल्कनीला हिरवी जाळी आणि बांबूची चिक लागली. कूलर तिच्या सावलीत आला.

सगळ्यात कठीण काम खिडक्या उघड्या ठेवायला लावण्याचं होतं. कूलर चालू असताना हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर दमट कोंडी होते. आजींच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर हॉलमधली गार हवा त्यांच्या खोलीतून वाहत बाहेर पडते. म्हणजे दुसऱ्या एसीची गरजच उरत नाही. पण "खिडकी उघडी ठेवून कूलर" हे काकूंच्या मनाला पटायला आठवडा लागला. त्या खिडकीशी उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते दाखवलं, तेव्हा पटलं.

दोन खोल्यांत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे बसवले. जुने ७५ वॉटचे होते, हे ३० च्या आसपास घेतात. एसीची सफाई करून घेतली. बाहेरच्या युनिटच्या जाळीतून धुळीची अक्षरशः रजई निघाली. नियम तीन ठरले: एसी २६ वर आणि सोबत पंखा, एसी लावला की कूलर बंद व दार बंद, आणि पहाटे तीनला टायमरने एसी बंद. तिसरा नियम मुलाने पहिल्याच आठवड्यात मोडला आणि पुढे कोणी पाळला नाही.

सगळा खर्च, चुना, कूलर, जाळी, पंखे, सफाई मिळून, १७,८०० रुपये.

निकाल

एप्रिल २०२५ मध्ये नागपूरचा पारा ४४ च्या पुढे गेला होता. एका संध्याकाळी सहाला मी बंदूक घेऊन तिन्ही घरांत फिरलो. चुना लावलेल्या दोन घरांत छत ३७ आणि ३८. नकार देणाऱ्यांच्या घरी ४३. तीच इमारत, तोच कोबा, तेच ऊन. त्या गृहस्थांनी बंदूक स्वतःच्या हातात घेऊन दोनदा मोजलं आणि काही बोलले नाहीत.

बिलाचे आकडे असे. एप्रिल २०२४ मध्ये ५४८ युनिट, एप्रिल २०२५ मध्ये ३४७. त्याच दराने मोजलं तर ८,१०० च्या जागी ४,३५०. २०२४ च्या एप्रिलमध्ये अवकाळी पावसाने मधेमधे गारवा दिला होता, तरीही हा फरक, म्हणून मी हा आकडा भरवशाचा मानतो.

मेचा आकडा दिसायला जास्त भारी आहे, ७४२ वरून थेट ३१२. घरात पेढे वाटायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. पण २०२५ चा मे हा मे नव्हताच. पूर्वमोसमी पाऊस पडत राहिला, मोसमी पाऊसही महाराष्ट्रात महिना संपायच्या आत पोहोचला. त्या घटीतली निम्मी तरी आभाळाची कमाई आहे. मी त्यांना वहीत मेसमोर तसं लिहायलाच लावलं.

जूनने सगळ्यांना जमिनीवर आणलं. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत कूलर हवा २७-२८ पर्यंत आणतो. जूनच्या मध्यावर ३६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असते तेव्हा तोच कूलर ३१ च्या खाली जात नाही, वर अंग चिकट होतं ते वेगळं. चुना एव्हाना पहिल्या सरींत ओघळायला लागला होता. आणि अशात जुन्या एसीचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून ती कल्पना सोडली. चार रात्री हाल झाले, आजींना मुलीकडे पाठवावं लागलं. पाचव्या दिवशी दुकानात जो होता तो एसी घेतला: दीड टन, पंचतारांकित, सवलत शून्य. एक टनाचा माल दुकानात नव्हता आणि थांबायची कोणाची तयारी नव्हती. जून ४८० वरून ४२१ वर आला, म्हणजे वाचले जेमतेम हजार रुपये.

वेगळं काय करता आलं असतं

इथली मुख्य चूक माझी आहे. "आधी गच्ची, मग यंत्र" हा क्रम आजही मला बरोबरच वाटतो, पण "एसी चालतोय तोवर चालवा" हे सांगताना मी फक्त युनिट मोजले. अकरा वर्षांचं यंत्र बंद पडेल तर ते जूनमध्येच पडेल, ऑक्टोबरमध्ये नाही, हे कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. एप्रिलअखेर छताचे आकडे हातात आल्यावर एक टनाचा एसी ठरवून ठेवता आला असता. निदान कोणता घ्यायचा ते कागदावर लिहून ठेवता आलं असतं. शिवाय घरात रक्तदाबाचं म्हातारं माणूस आहे, तिथे "बंद पडलं तर काय" हा प्रश्न बिलाच्या आधी विचारायचा.

दुसरं, मीटर तपासणीत गेलेले तीन आठवडे. वही आधी भरली असती तर मेचे निम्मे दिवस हातात राहिले असते, आणि कूलर-एसीची कुस्ती तेव्हाच थांबली असती. तिला एक पैसा लागत नव्हता.

पंख्यांबद्दल माझं मत जरा बदललंय. दोन पंख्यांना ६,२०० रुपये गेले, सगळ्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. बचत आहे, बाराही महिने आहे, पण या घराचं दुखणं ते नव्हतं. पैसे तुटपुंजे असते तर मी ते शेवटी ठेवले असते. पाण्याचा हिशेबही मी धरला नव्हता. कूलर दिवसाला साठ-सत्तर लिटर पितो, एप्रिलमध्ये इमारतीत टँकर येतो, आणि डासांच्या अळ्या बघायला पालिकेची माणसं येतात म्हणून टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी लागते. ते काम काकूंच्या गळ्यात पडलं. बचतीचे आकडे मांडताना ते कोणाच्याच वहीत आलं नाही.

चुना धुऊन जातो याबद्दल मात्र तक्रार नाही. पावसाळ्यानंतर गच्ची पुन्हा काळपट झाली, आणि डिसेंबरात नागपूर गारठतं तेव्हा वरच्या मजल्याला तेच ऊन हवंसं वाटतं. परावर्तक रंगाचा विचार त्यामुळे तूर्त बाजूला पडलाय.

पुढच्या चुन्याची बोलणी सुरू झाली तेव्हा पूर्वेकडच्या घरातले गृहस्थ आपणहून खाली आले. वर्गणीचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "कुरडयांची पट्टी आमच्या बाजूने नका सोडू."